पाचशे ब्याऐंशीवं वृत्त

"बाई, चहा गार झाला," बाइंडर म्हणाला आणि माझ्या पेन्सिलीचं टोक कागदावरच मोडलं. तसं बघायला गेलं तर या वाक्यात काही नाही. आमच्या छापखान्यात हे वाक्य रोज कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतं, मला तर दिवसातून दोनदा. एकोणतीस वर्षं मी इथे मुद्रितं तपासते आहे, आणि या एकोणतीस वर्षांत गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. पण आज त्याने ते म्हटलं तेव्हा माझ्या तोंडात नेमकी खुणांची एक ओळ होती. छंदांचं पुस्तक तपासायचं तर लघूची चंद्रकोर आणि गुरूची आडवी रेघ यांच्याकडे नुसतं बघून भागत नाही, डोळा फसतो. म्हणून मी त्या तोंडाने म्हणते. लघूला ल, गुरूला गा. बाकीच्यांना वाटतं बाईंचं वय झालं, पुटपुटतात. वाटू दे. तर मी म्हणत होते, ल गा ल गा गा गा, ल गा गा ल गा गा. आणि तिकडून तो म्हणाला, चहा गार झाला. ल गा गा ल गा गा. चावी कुलुपात जावी तसं ते वाक्य त्या खुणांत जाऊन बसलं. मी त्याला म्हटलं, "पुन्हा म्हण." तो म्हणाला, "काय म्हणू?" "आत्ता म्हणालास ते." बिचाऱ्याने खळीने माखलेले हात फडक्याला पुसले, कपाकडे बोट दाखवलं आणि बहिऱ्याला सांगावं तसं सावकाश सांगितलं, "चहा. गार. झाला." मग हळूच विचारलं, "बाई, बरं आहे ना?"

बरं होतं की नाही ते मलाच कळेना. समोर जे पुस्तक होतं ते अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. छंदांविषयी आणि वृत्तांविषयी जुन्या लोकांनी काय काय लिहून ठेवलं, त्याचा इतिहास. अडतीस वर्षांपूर्वी निघालेला हा ग्रंथ अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाल्यावर आता पुन्हा निघतो आहे, आणि उद्या त्याचे शेवटचे फर्मे छपाईला जाणार आहेत. मालकांनी संपादक म्हणून एक पस्तिशीचा पोरगेलासा माणूस नेमला आहे. त्याला आम्ही सगळे डॉक्टर म्हणतो. ताप मोजणारा नव्हे, मात्रा मोजणारा. त्याला मी घरातून अप्पांची स्वतःची प्रत आणून दिली होती, कारण तिच्या समासात अप्पांनी दुरुस्त्या केलेल्या होत्या. त्या सगळ्या त्याने इमानेइतबारे घेतल्या. पण दुरुस्त्यांशिवाय त्या समासांत आणखी काहीतरी होतं. खुणांची एक ओळ. बारा अक्षरांची, कधी निळ्या शाईत, कधी काळ्या, कधी पेन्सिलीने, शेवटी शेवटी थरथरत्या बॉलपेनने. एकेचाळीस ठिकाणी तीच ओळ. एका ठिकाणी शेजारी आकडा, ५८२. शब्द मात्र कुठेच नाही. डॉक्टरने त्या ओळीवर महिनाभर डोकं फोडलं, आणि मग मोठी तळटीप लिहिली की हे एखाद्या लुप्त वृत्ताचं लक्षण असावं, उपलब्ध ग्रंथांत त्याला नाव नाही, उदाहरण नाही. लेखकाने ते कुठल्याशा पोथीत पाहिलं असावं आणि एकेचाळीस वेळा पडताळलं असावं. तळटिपीवर त्याचं समाधान होईना म्हणून प्रस्तावनेत पाच पानं त्याच्यावर लिहिली. हा ग्रंथकर्त्याचा स्वतंत्र शोध, असं ठळक टाइपात.

स्वतंत्र. हा शब्द मी पहिल्या मुद्रितात वाचला तेव्हा मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. ग्रंथ पहिल्यांदा निघाला तेव्हा एकाच ठिकाणी त्याच्यावर चार ओळी छापून आल्या होत्या, आणि त्यातली शेवटची ओळ अशी की संकलन उत्तम, लेखकाचे स्वतःचे असे काही नाही. अप्पांनी तो कागद घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला. रागावले नाहीत, बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत. पण चष्मा काढताना रोज तो कागद आधी बाहेर काढावा लागे, आणि ते तो काढत, बाजूला ठेवत, आणि पुन्हा आत घालत. सत्तावीस वर्षं. स्वतःचं काही नाही म्हणे! अठरा वर्षं माणूस जुन्या पोथ्यांत नाक खुपसून बसला, एकाने दुसऱ्याची चूक कशी उचलली, तिसऱ्याने ती नियम म्हणून कशी सांगितली, यतीच्या, म्हणजे ओळीतल्या थांब्याच्या, जागेवरून कोण कुणाशी तीन पिढ्या भांडलं, हे सगळं अक्षरन्अक्षर लावत बसला. आता कुठे कुणीतरी उठून म्हणतं आहे की नाही, यांचं स्वतःचं असं एक होतं. एक अख्खं वृत्त. आणि नेमक्या त्याच वेळी खळीच्या हातांचा एक माणूस येऊन सांगतो की चहा गार झाला.

कारण मागचा अर्धा भाग बसल्यावर पुढच्या अर्ध्याला शोधावं लागलंच नाही. तो माझ्या कानात होताच, मी जन्मल्यापासून होता. आमच्या आधीच्या घरात दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत ओटा, बाहेरच्या खोलीत खिडकीशी अप्पांचं टेबल, आणि मधे दार नसलेली चौकट. सकाळी एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा त्या चौकटीत आई येऊन उभी राही, एक हात कमरेवर, आणि म्हणे, "अहो, उठा आता, चहा गार झाला." ल गा ल गा गा गा, ल गा गा ल गा गा. मी छापखान्यातल्या खुर्चीवर बसून बोटांच्या पेरांवर एकदा मोजलं, दोनदा मोजलं. बारा. ना एक कमी, ना एक जास्त. पेरांवर मोजायची सवय अप्पांचीच. बसमध्ये पाट्या मोजते, दवाखान्यात सूचना मोजते, लोकांच्या शिव्यासुद्धा मोजते. उत्तम शिवी बहुतेक वेळा वृत्तात असते. पण ही ओळ मी कधी मोजली नव्हती. घरातली जमीन कुणी मोजतं का? पाय असतात तिच्यावर, बस्स.

डॉक्टर वरच्या मजल्यावरच होता. मी जिना चढून जाऊन सांगायला हवं होतं. गेले नाही. उरलेला दिवस मी बाकीची मुद्रितं तपासली आणि ज्या पानावर ती तळटीप होती ते पान सगळ्यात खाली सरकवलं. मनाशी म्हटलं, अगं, कुणाचं काय वाईट होणार आहे? जुने लोक तर सगळीच वृत्तं आधीच मोजून मोकळे झाले आहेत. बारा अक्षरांत लघुगुरूंच्या जितक्या म्हणून ओळी मांडता येतात तितक्या त्यांनी मांडल्या, सगळ्या गुरूंपासून सगळ्या लघूंपर्यंत, चार हजार शहाण्णव. याला ते प्रस्तार म्हणतात. त्यातल्या जेमतेम काहींना नावं मिळाली, कवी मिळाले. बाकीच्या हजारो ओळी रिकाम्या खोल्यांसारख्या पडून आहेत, क्रमांक दारावर, आत कुणी नाही. पाचशे ब्याऐंशी नंबरच्या खोलीत अप्पांच्या नावाने कुणी दिवा लावला तर कुणाच्या बापाचं काय जातं! माझ्याच बापाचं जात होतं, हा त्यातला विनोद. कारण अप्पा गेले त्या दिवसापर्यंत एका शब्दाचे गुलाम होते, आधार. मी दहा वर्षांची असताना त्यांना एका आडव्यातिडव्या वृत्ताचं उदाहरण सापडत नव्हतं. पोथीचा तेवढाच तुकडा कसरीने खाल्लेला. चार दिवस ते जेवताना भिंतीकडे बघत होते. मला त्यांची दया आली. मी वहीच्या पानावर त्या वृत्तात दोन ओळी रचल्या, चिमणी आणि खिडकी असं काहीतरी, आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी वाचल्या, पेरांवर मोजल्या, आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "आधार?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग नाही चालणार." मी आईच्या पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडले, आणि आई आतून कडाडली, "पोरीला आधार विचारता? तुम्हाला तरी कुणाचा आधार आहे माझ्याशिवाय!" अप्पांनी पान उलटलं. ऐकलं की नाही तेही कळलं नाही. ते कधीच कळत नसे. आईची आयुष्यभराची एकच तक्रार होती, की मी भिंतीशी संसार केला. दगडाला पाझर फुटेल, म्हणायची, पण यांच्या कानाला माझा शब्द लागायचा नाही.

मी घरी आले तेव्हा आई गॅलरीत पाय पसरून बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची आहे, कानांनी ठणठणीत, गुडघ्यांनी अधू, जिभेने पहिल्यासारखी. आम्ही दोघीच असतो. मी लग्न केलं नाही आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही, मलाही. चपला काढता काढताच मी विचारलं, "आई, तू अप्पांना चहाला कशी हाक मारायचीस गं?" "हाक?" ती म्हणाली. "एका हाकेत ऐकणारा माणूस होता का तो? पहिल्यांदा मी म्हणायचे, चहा. मग पाच मिनिटांनी, चहा ठेवलाय. मग हातातलं काम टाकून चौकटीत जाऊन उभी राहायचे आणि म्हणायचे," आणि इथे तिने नकळत कमरेवर हात ठेवला, "अहो, उठा आता, चहा गार झाला. मग ते उठायचे. जसं काही स्वतःहून आठवलं." तिने शब्द एकही इकडचा तिकडे केला नाही. अकरा वर्षांनी. मी तिच्यासमोर खाली बसले, पडताळणीसाठी माझ्याकडे परत आलेली अप्पांची प्रत पिशवीतून काढली आणि तिला समास दाखवले. हे बघ. हे लघु, हे गुरु. अ, हो, उ, ठा. मी तिच्या बोटांची पेरं धरून एकेक अक्षर टेकवत गेले. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, पेरं मात्र तेवढीच आहेत. बारा अक्षरं झाली, दुसरं पान उघडलं, पुन्हा बारा, तिसरं पान. सातव्या-आठव्या पानाला तिने हात काढून घेतला.

"म्हणजे ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग उठायचे का नाहीत?"

एकोणसाठ वर्षांची मी, छंदशास्त्रातली प्रत्येक पळवाट मला पाठ, पण याला आधार कुठून आणणार? आई रागावली होती. अगदी खरं रागावली होती, तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि मला वाटलं की मी भलतंच करून बसले. हिचा नवरा बहिरा होता हेच हिला सोसलं असतं. ऐकून न ऐकलेला नवरा या वयात कुणी आणून द्यावा का हातात? मी प्रत मिटायला लागले. तिने ती माझ्याकडून ओढून घेतली आणि चष्मा लावून पानं उलटायला लागली. तिला त्यातलं काही वाचायचं नव्हतंच, फक्त समास बघायचे होते. यतीच्या प्रकरणापाशी ती थांबली. तिथे ओळ नव्हती. दोनच खुणा होत्या, एक चंद्रकोर, एक रेघ, आणि त्यांच्यानंतर एक उभा दंड. वाचताना जिथे श्वास थांबवायचा तिथे देतात तसा. डॉक्टरने ही खूण अपूर्ण नोंद म्हणून सोडून दिली होती. "हे काय?" आईने विचारलं. मी म्हटलं, "ल, गा. दोनच अक्षरं. मग थांबायचं." प्रकरणाच्या शेवटी अप्पांनी ते पुन्हा वाचल्याची तारीख घातली होती, सवयीप्रमाणे. मी ती मोठ्याने वाचली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. आजी गेली, म्हणजे आईची आई, आणि आई आठ दिवस तिकडे राहून परत आली. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. अप्पांनी टेबलावरून मान वर न करता म्हटलं होतं, "आलीस? चष्मा सापडत नाहीये." चष्मा त्यांच्या कपाळावर होता. त्यानंतर महिनाभर आई त्यांच्याशी बोलली नाही. कप टेबलावर आपटायची आणि म्हणायची, चहा. तेवढंच. ल, गा.

"महिनाभर," आई म्हणाली. तिचं बोट त्या उभ्या दंडावर होतं. "आणि तुला सांगते, त्या महिन्यात मात्र पहिल्या शब्दाला उठायचे. चहा म्हटलं की कप तोंडाला. मी म्हटलं, लाजले. म्हटलं, चला, एवढी तरी अक्कल आली." समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं, त्याचे दोन फटके झाले, तिसरा झाला नाही. मग आई सावकाश म्हणाली, "त्या महिन्यात बसून तरी कशाची वाट बघणार होते?" आणि मी बघते तर ती हसत होती. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. "अगं बाई, म्हणजे पुरं म्हणेपर्यंत बसायचे! एक्कावन्न वर्षं मी गॅसवर चहा पुन्हा गरम करतेय, आणि हा माणूस तिकडे अक्षरं मोजतोय! लबाड! चांगला लबाड माणूस निघाला की!" मी म्हटलं, "आई, हे आपण म्हणतोय. याला आधार नाही." ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आधाराला मार गोळी. नवरा माझा होता." मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच फरशीवर आडवी झाले आणि गॅलरीच्या छताकडे बघत राहिले. अप्पांनी तो कागद रोज चष्म्याच्या घरात घातला, आणि तोच चष्मा लावून ही ओळ एकेचाळीस वेळा लिहिली. ती कशासाठी लिहिली ते मला ठाऊक नाही. पण माणूस जे ऐकत नाही ते लिहून ठेवत नाही, एवढं तर कुठल्याही कोर्टात टिकेल.

मग मी तिला उद्याचं सांगितलं. डॉक्टरची तळटीप, लुप्त वृत्त, पाच पानं. ती तशीच राहू दिली तर अप्पांचं नाव होईल. खरं सांगितलं तर कदाचित हसं होईल, आणि नुसती कापून टाकली तर काहीच होणार नाही, ना नाव ना हसं, पण आपल्या घरातलं हे एवढंसं पुन्हा समासात जाईल. आई म्हणाली, "खोटं त्यांना चाललं नसतं. तुझी चिमणी नाही चालली." मी उठून बसले. तिला चिमणी आठवत होती. "पण जगाला कशाला कळायला हवं आमच्याकडे चहा गार व्हायचा ते," ती पुटपुटली, आणि थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलतेय अशा सुरात, "छापलंच, तर अक्षर कसं असेल? बारीक?" मी म्हटलं, "तळटीप आहे, बारीकच असणार." "असू दे," ती म्हणाली. "चष्मा आहे माझ्याकडे."

सकाळी मी डॉक्टरच्या टेबलावर पान ठेवलं. त्याची तळटीप मी आडव्या रेघेने खोडली होती आणि बाजूला माझ्या हाताने लिहिलं होतं: क्रमांक ५८२. गण ज म य य. उदाहरण: अहो, उठा आता, चहा गार झाला. आधार: लेखकाची पत्नी, तोंडी, रोज. त्याने ते वाचलं. वर बघितलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं आता हा मालकांकडे जाणार. मी जिन्यावर भांडणाची तयारी करून आले होते, तीनचार वाक्यं तर पाठही केली होती. पण तो खुर्चीत मागे टेकला, डावा हात वर धरला आणि अंगठा पेरांवरून फिरवत ओठांतल्या ओठांत म्हणायला लागला. बाराव्या अक्षराला अंगठा थांबला. "बसतंय हो, बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा की त्यानेच आत्ता पोथी उघडली आहे. "अगदी बसतंय." मग त्याला आठवलं. "माझी पाच पानं गेली." मी म्हटलं, "गेली." "स्वतंत्र शोधही गेला." "तो कसा जाईल?" मी म्हटलं. "आजवर कुठल्या ग्रंथकाराने आपल्या बायकोचं वाक्य गणांत बसवून क्रमांक काढून ठेवलाय, दाखवा." तो हसला, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आमच्याकडे काय म्हणतात ते मी कधी मोजलंच नाही." खाली बाइंडर ओरडत होता की फर्मा द्यायचा असेल तर आत्ताच्या आत्ता द्या, नाहीतर मग शनिवारवर जाईल. मालकांना डॉक्टरने स्वतः जाऊन सांगितलं. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही, पण चारच्या आधी पान यंत्रावर चढलं.

संध्याकाळी मी टेबलाशी बसले होते. टेबल तेच, अप्पांचं, फक्त खिडकी वेगळी. समोर दुसऱ्याच कुणाचं काम होतं, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं रुक्ष काहीतरी, आणि माझं त्यात लक्ष लागलं होतं, कारण माझं कशातही लागतं. बापाची लेक आहे, आई म्हणते. आतून आवाज आला, "चहा." मी उठायला खुर्चीवर टेकलेला हात पुन्हा टेबलावर ठेवला. का ठेवला ते मला तेव्हाच कळलं आणि माझी मलाच लाज वाटली, एकोणसाठ वर्षांची घोडी मी. पण उठले नाही. पाच मिनिटं गेली असतील. "चहा ठेवलाय." मी पान उलटलं, न वाचता. मग भांड्यांचा आवाज थांबला, आणि गुडघे दुखतात तेव्हा चालते तशी आई एकेक पाऊल टाकत आली. या घरात चौकटीला दार आहे, ते तिने खांद्याने ढकललं. मी वळले नाही. मग गेल्या अकरा वर्षांत या घरात कुणी कुणाला हाक म्हणून म्हटलं नव्हतं ते ती पुरं म्हणाली, 'अहो'सकट, खिडकीकडे बघत, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देत.

"अहो, उठा आता, चहा गार झाला."

मी वळले. तिचा एक हात कमरेवर होता, आणि दुसऱ्या हातातल्या कपातून वाफ येत होती.